घनफूट

वखारवाला माणूस झाडाकडे बघतो तेव्हा ते त्याला उभं दिसतच नाही. त्याला ते आडवं दिसतं. फांद्या छाटलेलं, साल काढलेलं, बुडख्यावर खडूनं नंबर घातलेलं. तुम्ही-आम्ही वडाखाली सावलीला थांबतो. हा बुंध्याभोवती एक चक्कर मारतो, डोळे बारीक करतो, ओठ हलवतो. आपल्याला वाटतं, नामस्मरण चाललंय. चाललेला असतो हिशोब.

आमचे सासरे अण्णा या जातीचे. सांगलीत त्यांची चाळीस वर्षं लाकडाची वखार. तिकडे वखार म्हटली की मालक पटेल, हे इतकं ठरलेलं की नवं गिऱ्हाईक आत शिरतानाच ‘केम छो’ म्हणायचं, आणि अण्णाही बिनदिक्कत ‘मजामां’ म्हणायचे. मराठीत भाव सांगितला की गिऱ्हाईक घासाघीस जास्त करतं, असा त्यांचा अनुभव. वखार मुलाच्या हाती देऊन ते सासूबाईंसह सहा महिन्यांसाठी आमच्याकडे शेफिल्डला आले. दोन बॅगांत भाजणी, मेतकूट आणि पापड हा सासूबाईंचा माल. अण्णांचा स्वतःचा म्हणावा असा ऐवज दोनच वस्तूंचा: मापाची कापडी टेप आणि वखारीचं अर्धं कोरं पावतीपुस्तक. “रमीचे गुण लिहायला होईल,” ते म्हणाले.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी घरातल्या सगळ्या फर्निचरवर बोटांनी टकटक करून घेतली. जेवणाच्या टेबलापाशी थबकले.

“जावईबापू, कितीला पडलं?”

मी तीस पौंड कमी करून आकडा सांगितला.

“भुसा आहे ओ हा. भुसा आणि सरस. आम्ही हाच पोत्यावर विकतो, लोक बंबात घालतात.” मग आवाज खाली आणून, “हिला सांगू नका.”

‘ही’ म्हणजे त्यांची मुलगी. ती शेजारीच वाढत होती.

आमच्या घरामागच्या बागेत कोपऱ्यावर एक उंच झाड आहे. अण्णा आले तेव्हा एप्रिल संपत आला होता. बाकीच्या झाडांना कोवळी पानं फुटलेली आणि हे एकटं उघडंबोडकं. फांद्यांच्या टोकांना काळ्याकुट्ट कळ्या, काजळीत बुडवून काढल्यासारख्या. अण्णांनी वर बघितलं आणि निकाल दिला, “मेलंय. काढून टाकायला सांगा नगरपालिकेला.” दुसऱ्या दिवशी पुन्हा बघून आले. “मेलंय.” असं पंधरा दिवस. मे महिना अर्ध्यावर आला आणि एका सकाळी झाडानं पानं काढली. एका देठावर समोरासमोर पानांच्या जोड्या आणि टोकाला एक सुटं पान, थोडंसं आपल्या कडुनिंबाच्या चालीवर. अण्णांना तो स्वतःचा अपमान वाटला.

मी शोधून सांगितलं की हे अ‍ॅश. सगळ्यात शेवटी पानं काढतं, आणि शरद ऋतूत सगळ्यांच्या आधी गाळून मोकळं होतं, तीसुद्धा बरेचदा हिरवीच.

“म्हणजे सरकारी नोकर,” अण्णा म्हणाले. “उशिरा येणार, लवकर जाणार. नाव काय म्हणालात? अ‍ॅश? म्हणजे राख ना? झाडाला राख म्हणतात?”

इंग्रजीत राखेचा अ‍ॅश आणि झाडाचा अ‍ॅश यांचं मूळ वेगळं आहे, हे मी समजावलं. झाडाच्या नावाचा जुन्या इंग्रजीत भाला असाही अर्थ होता, कारण भाल्याचे दांडे याचेच. अण्णांना राख अजिबात पटेना, पण भाला पटला. “मग याला मराठीत काय म्हणायचं?” मराठीत म्हणायची वेळच आली नव्हती, कारण हे झाड आपल्याकडे नाही. त्याचे भाऊबंद हिमालयात आहेत, सह्याद्रीत नाहीत. बिननावाच्या मालाची नोंद कशी करायची, ही अडचण अण्णांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त छळत होती.

नाव नाही तर नाही, माप तर घेता येतं. एका सकाळी ते टेप घेऊन गेले आणि बुंध्याला मिठी मारून टेपचं टोक पलीकडून पकडायची खटपट करू लागले. पळायला निघालेली एक गोरी बाई थांबली, छातीवर हात ठेवून गहिवरल्यासारखी हसली आणि पुढे गेली. तिला ते वृक्षप्रेम वाटलं. अण्णांनी तिलाही हसून दाखवलं आणि पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलं: गोलाई आठ फूट. तिचा चौथा हिस्सा दोन, त्याचा वर्ग चार, सरळ बुंधा वीस फूट, म्हणजे माल ऐंशी.

हे चौथ्या हिश्श्याचं गणित अण्णा वडिलांकडून शिकले. वडील कोणाकडून शिकले ते ठाऊक नव्हतं. वखारीत नुसतं ‘हॉपस’ म्हणायचे. मी खोदकाम केलं तेव्हा कळलं की एडवर्ड हॉपस हा इंग्रज मोजणीदार होता आणि त्यानं १७३६ साली मापांचं पुस्तक काढलं. गोल ओंडक्याचं खरं घनफळ आणि हॉपसचं माप यांत शंभराला साडेएकवीसचा फरक पडतो. तेवढं चिराईत भुशात आणि सालीत जाणार, असं धरून चालायचं. ब्रह्मदेशाच्या सागापासून आपल्या वखारींपर्यंत हे माप इंग्रजांनीच पोचवलं. मी शेफिल्डमध्ये ऑफिसात चार जणांना विचारलं, हॉपस माहीत आहे का? एकाला वाटलं बिअरचं नाव आहे. अण्णांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. “त्यांचं त्यांनी टाकलं,” म्हणाले, “आपण सांभाळतोय.”

जूनमध्ये मी त्यांना लॅथकिल डेलला नेलं. शेफिल्डपासून तासाभरावर, डर्बीशरच्या चुनखडीच्या डोंगरातली ही दरी. अ‍ॅशला चुनखडी मानवते, त्यामुळे उतारच्या उतार याच झाडाचे. रविवारी तिथे एक स्वयंसेवक बाई लोकांना रान दाखवतात, आम्ही त्यांच्या घोळक्यात सामील झालो. साठीच्या, काटक, बोलताना डोळे मिचकावणाऱ्या. दुभाषी अर्थातच मी.

बाई सांगत होत्या की अ‍ॅशची सावली विरळ, पानंही उशिरा, म्हणून खाली ऊन पोचतं. उन्हाळ्याआधी इथली जमीन रानलसणीनं पांढरी होते. पाला लवकर कुजतो आणि माती कसदार करतो. खोडाची साल आम्लधर्मी नसल्यामुळे तिच्यावर दगडफुलाच्या जातीचे कितीतरी प्रकार वाढतात.

“दगडफूल?” एवढा एकच शब्द पकडून सासूबाईंनी खोडाला नाक लावलं. “वास नाही,” त्या म्हणाल्या, आणि तिथून पुढे त्यांचं इंग्लंडबद्दलचं मत फारसं सुधारलं नाही.

एकूण ९५० हून अधिक जातींचे जीव या ना त्या कारणानं अ‍ॅशचा आधार घेतात आणि त्यांतल्या चाळीसेक जातींना दुसरं झाड चालतच नाही, असं बाई म्हणाल्या. अण्णांनी मला कोपर मारलं. “विचारा, यातलं घनफूट काय भावानं जातं?” मी बाईंना सांगितलं, “यांना हे झाड फार आवडलंय.” बाई खूश झाल्या. अण्णा माझ्याकडे भावाच्या अपेक्षेनं बघत राहिले.

पुढे दरीचा रंग बदलला. ऐन जूनमध्ये अर्ध्याहून जास्त शेंडे वाळलेले. बाईंचा आवाजही उतरला. पूर्व आशियातली एक बुरशी. तिकडच्या अ‍ॅशला तिची सवय आहे, इथल्याला नाही. १९९२ साली पोलंडमध्ये झाडं मरताना दिसली, ब्रिटनमध्ये २०१२ साली खात्री पटली. गेल्या वर्षीच्या गळून पडलेल्या पानांच्या देठांवर उन्हाळ्यात तिच्या इवल्या पांढऱ्या छत्र्या उगवतात, वाऱ्यावर बीजाणू उडतात, पानातून डहाळीत आणि डहाळीतून खोडात उतरतात. औषध नाही. शंभरात मोजकीच झाडं तिला पुरून उरतात.

“मग कापत का नाहीत?” अण्णांनी विचारलं. हे मात्र जसंच्या तसं भाषांतरित केलं. वाटेवर पडतील तेवढी कापतो, बाई म्हणाल्या. बाकीची उभी ठेवतो, कारण तगणारं झाड कोणतं ते आधी कळत नाही. आणि मेलेलं झाडही कामाचं असतं, त्यात किडे राहतात, सुतार पक्षी येतात, वटवाघळं येतात.

“मेलेलं लाकूड उभं ठेवायचं? आणि वाळवी?”

मी सांगितलं की या देशात वाळवी जवळजवळ नाहीच.

अण्णा वाटेतल्या दगडावर बसले. चाळीस वर्षं त्यांनी वाळवीशी लढण्यात घालवली होती. डांबर, राख, चुना, रॉकेल, सगळं करून बघितलं. आणि इथे एक अख्खा देश होता, जिथे लाकूड ठेवून द्या, ते तसंच राहतं, आणि तिथली माणसं भुशाच्या टेबलावर जेवत होती.

बाईंना वाटलं की म्हातारा मेलेल्या झाडांनी हळवा झाला. त्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी जुनी गंमत सांगितली. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्यानं १७८९ सालच्या सेलबोर्नच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की गावकरी अ‍ॅशच्या बुंध्याला भोक पाडून त्यात जिवंत चिचुंद्री कोंबायचे आणि भोक बुजवायचे. मग त्या झाडाची डहाळी जनावरावरून फिरवली की त्याचं दुखणं जातं. अण्णांनी एवढंच विचारलं, “भोक बुजवताना खिळे मारायचे का?” बाई गोंधळल्या. मी खुलासा केला की आमच्याकडेही बाहेरच्या बाधेसाठी लोक झाडाला खिळे ठोकतात, आणि असा ओंडका चिरायला घेतला की करवतीचं पातं जातं. अण्णांची दोन पाती औदुंबरवाडीच्या वाटेवरच्या एका चिंचेनं खाल्ली होती. चिंचेतल्या भुताबद्दल त्यांची तक्रार नव्हती, खिळ्यांबद्दल होती.

दरीतून परतताना तो बुंधा लागला. जमिनीलगत बैलगाडीच्या चाकाएवढं रुंद खोड, आणि त्यातून सात-आठ सरळसोट सोट वर गेलेले. जुन्या काळी अ‍ॅश बुडाशी कापायचे, बाई म्हणाल्या. धुमारे फुटायचे, दहा-पंधरा वर्षांनी ते कापायचे, पुन्हा फुटायचे. न कापलेला अ‍ॅश साधारण दोनशे वर्षं जगतो, पण सफोकच्या ब्रॅडफिल्ड रानात असा कापत आलेला एक बुंधा हजारेक वर्षांचा मानला जातो.

“खोडवा!” अण्णा ओरडले.

सांगलीच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ऊस तोडला की त्याच बुडख्यातून पुन्हा येतो तो खोडवा. पण उसाचा खोडवा दोनदा घ्यावा, फार तर तीनदा. “हजार वर्षं खोडवा? विचारा, नीट विचारा.” मी नीट विचारलं, उत्तर तेच आलं. मग अण्णांनी मला मधून बाजूला केलं आणि थेट बाईंशी बोलले. हातानं कुऱ्हाड मारून दाखवली, मग बोटं वर करून फुटवे दाखवले, मग छातीवर हात ठेवला. “कटिंग. नो डेथ. आय, फॉर्टी इयर्स, कटिंग.” आयुष्यभर लोक त्यांना झाडं मारणारा म्हणत आलेले. धाकटी नातसुद्धा शाळेतून पर्यावरणाचा तास करून आली की दोन दिवस त्यांच्याशी बोलायची नाही. बाईंनी मान डोलावली, आणि मग अगदी हळू म्हणाल्या, की तुम्ही कापलेल्याला पुन्हा फुटू दिलंत का? हे भाषांतर मी केलं नाही. पण अण्णांना ते कळलं असावं, कारण गाडीत त्यांनी एकदाही टेप बाहेर काढली नाही.

पुढच्या रविवारी ते स्वतःहून निघाले. स्वयंसेवकांच्या शेडमध्ये एक कुऱ्हाड दांडा मोडून पडली होती. दांडा अमेरिकेहून आलेल्या हिकरीचा. शेफिल्डनं जगाला पाती पुरवली आणि एके काळी त्यांना दांडे याच रानांतल्या अ‍ॅशचे असत, हे बाईंनीच सांगितलं. शेडमागे मागच्या वर्षी कापलेल्या अ‍ॅशची रास होती. अण्णांनी एकेका तुकड्यावर टकटक करून बद्द बोलणारे बाजूला काढले, कारण रोगानं मेलेला अ‍ॅश ठिसूळ होतो. उरलेल्यांच्या टोकावर थुंकी लावून, दात कोरायच्या काडीनं कडी मोजली. “ही बघा जावईबापू, एका इंचात आठ. हे चांगलं. जास्त दाट असेल तर घेऊ नका.” मला वाटायचं की सावकाश वाढलेलं लाकूड मजबूत. अ‍ॅशचं उलटं असतं. दरवर्षीच्या कड्यात आधी मोठ्या भोकांचा पट्टा येतो, मग भरीव. झाड नेटानं वाढलं तर भरीव भाग जास्त, रडतखडत वाढलं तर नुसती भोकं. हे इंग्रजी लाकूडशास्त्रातही असंच लिहिलंय. अण्णांनी ते वाचलं नव्हतं.

तुकडा त्यांनी करवतीनं चिरू दिला नाही. पाचर मारून फोडला, म्हणजे रेघ टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. मग दीड तास वाकस आणि पटाशी, शेवटी फुटक्या बाटलीच्या काचेनं घासून गुळगुळीत. दांडा हातात घेऊन टोकाशी दाबला, तो किंचित वाकला आणि परत आला. “आपल्या धावड्याची जात,” ते पुटपुटले. आपल्याकडे कुऱ्हाडीचे दांडे आणि गाडीचे आख धावड्याचे.

बाईंनी दोन घाव घालून बघितले, मग भारावून मला म्हणाल्या की यांचे उपकार कसे फेडू? मी म्हणणार होतो की अहो, उपकार कसले. पण अण्णांनी ‘हाऊ मच’ एवढं ऐकलं होतं. त्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं, कार्बन नीट बसवला आणि ओठ हलवायला लागले. लाकूड त्यांचंच, ते वजा. मजुरी दीड तास, सांगलीच्या दरानं, पौंडात. काच फुकट.

दोन पौंड वीस पेन्स झाले. बाईंनी मोजून दिले, अण्णांनी मोजून घेतले.

ती पावती आता त्या शेडमध्ये हत्यारांच्या वर टाचणीनं लावलेली आहे. सगळी मराठीत, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला बाई ती आशीर्वाद म्हणून दाखवतात. मालाच्या रकान्यात अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: ‘इंग्रजी धावडा, दांडा, नग १’. खाली सही. आणि तळाला, आधीपासून छापलेलं: चूकभूल देणे घेणे.