हरवायचं तर रीतसर हरवा

हरवायचंच असेल तर आधी मोठं व्हावं. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर हैदराबादच्या बेगमपेठहून उडालं आणि नल्लमलाच्या रानावर, ऐन पावसात, गडप झालं. मग सुखोई विमान निघालं, हजारो जवान रानात शिरले, त्याच एप्रिलमध्ये सोडलेला, ढगांच्या आरपार पाहणारा ‘रिसॅट-२’ उपग्रह कामाला जुंपला. अवशेष दुसऱ्या दिवशी सकाळी दिसले ते हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधल्या माणसांना. आतल्या पाचांपैकी कुणी वाचलं नव्हतं. पण शोधात कसूर झाली, असं कोण म्हणेल?

आता माळीण घ्या. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका. डोंगर खाली आला, सुमारे दीडशे माणसं गेली, आणि खबर दिली कुणी? एसटीच्या ड्रायव्हरनं! नेहमीच्या वाटेनं गाडी घेऊन आला, तर गावच जागेवर नाही. लाल डब्याला ना रडार ना कक्षा. तरी पहिला पोचला तोच.

हैदराबादच्या उपग्रहवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. इस्रोच्या तिथल्या सुदूर संवेदन केंद्रानं २०२३ साली दरडींचा ॲटलास काढला. १९९८ पासूनच्या सुमारे ८०,००० दरडी, १४७ जिल्हे. काम चोख. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. सरकारनं विधानसभेत सांगितलं, की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. म्हणजे चूक डोंगराची! यादी न वाचताच कोसळला. वर जायला रस्ता नाही, त्यामुळे यंत्रं पायथ्याशी, आणि जवान कुदळ-फावडी घेऊन पावसात डोंगर चढताहेत. चार दिवसांनी शोध थांबला. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले.

गंमत अशी, की समुद्र नसलेल्या याच हैदराबादेत समुद्राची राखण करणारी ‘इन्कॉइस’ ही संस्था आहे. तिनं २०१६ साली ‘सारत’ नावाची सोय केली. कोळ्याची होडी शेवटची कुठे, किती वाजता दिसली आणि हरवलंय ते काय, एवढं भरा. वारा आणि प्रवाह यांचा हिशोब करून कुठे शोधायचं ते नकाशावर येतं. हरवणाऱ्या वस्तूंचे साठ प्रकारही तयार आहेत. इथे मुख्यमंत्री असण्याची अट नाही, ही खरी कौतुकाची गोष्ट.

डोंगरातल्या ठाकर आदिवासीला मात्र हे जमायचं नाही. तो वाहून जात नाही, तिथल्या तिथे गाडला जातो. त्याला शोधायचं तर आधी यादीत त्याची वाडी हवी, आणि यादी करायला साहेबाला डोंगर चढावा लागतो.