बाई बाई, स्पीकरच्या पोटात दडलंय काय!

काय चाललंय काय या जगात? चांगली शिकलीसवरलेली, केस पिकलेली, घराचे हप्ते फेडून मोकळी झालेली माणसं रविवारची झोप सोडून स्पीकर उघडून बसतात! आणि स्पीकर तरी कुठले? यांच्या मुंजीच्या काळातले. काल-परवापर्यंत भंगारवाला ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता, त्यांची आज षोडशोपचारे पूजा! हातात सोल्डरगन, कपाळावर आठ्या आणि तोंडी एकच प्रश्न: ‘रीकॅप केलं का?’ अहो, आधी चहा तरी घेऊ द्या!

प्रकरण काय, तर क्रॉसओव्हर. जाडा आवाज वूफरकडे, बारीक आवाज ट्वीटरकडे अशी वाटणी करून देणारा एक पाटीएवढाही नसलेला तुकडा. दोन-चार कॉइल, दोन-चार रेझिस्टर आणि कपॅसिटर. यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांत आतून सुकतात. मग त्यांचं माप भरकटतं, रोध वाढतो आणि बिचाऱ्या ट्वीटरच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. झांज वाजते, पण शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजल्यासारखी. इलाज? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, त्याच मापाचे नवे कपॅसिटर आणा, टाके मारा, झालं रीकॅप, विषय संपला.

पण विषय संपवायचाय कुणाला?

आता तो एआर-३ए घ्या. १९६७ सालचा, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा, ॲकॉस्टिक रिसर्चचा खानदानी स्पीकर. याचा थोरला भाऊ एआर-३ तर थेट स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसला. याच्या क्रॉसओव्हरपर्यंत पोचायचं म्हणजे आधी बारा इंची वूफर बाहेर काढायचा, मग पोटात ठासलेली ग्लासवूल उपसायची आणि आठवडाभर कोपरापर्यंत खाजवत फिरायचं. पाठीमागे आवाज कमी-जास्त करायचे दोन पॉट, त्यांना हमखास गंज. ट्वीटर मेला म्हणून घरात सुतक, आणि तो मेलेला नसतोच! पॉट घासून पुसून फिरवला की पठ्ठ्या टुणकन उठून गायला लागतो. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांत जे पाणी येतं, ते मुलीच्या पाठवणीलाही आलं नव्हतं म्हणे.

इथवरही ठीक. पण त्यात १५० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर असतो. साधा इलेक्ट्रोलिटिक घातला तर काम भागतं. पण नाही! यांना हवा पॉलिप्रॉपिलिन फिल्मचा. तो येतो केवढा? शीतपेयाच्या कॅनशी खांदा लावेल एवढा! मग आत मावत नाही. मग काय करायचं? क्रॉसओव्हरच स्पीकरच्या बाहेर काढायचा आणि त्याच्यासाठी सागवानी पेटी करायची, वर काचेचं झाकण, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दर्शन व्हावं. जर्मनीचे मुंडॉर्फ, डेन्मार्कचे ड्युलंड, कुणात चांदी, कुणात तेल. एकेका कपॅसिटरच्या पैशात अख्खा जुना स्पीकर घरी यावा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच!

आणि गंमत ऐका. नव्या फिल्म कपॅसिटरमध्ये रोध जवळजवळ नाहीच, म्हणून ट्वीटर एकदम किंचाळायला लागतो. मग त्याला शांत करायला ओहमभराचा रेझिस्टर वेगळा बसवायचा. म्हणजे जुन्यात जे फुकट होतं ते पैसे देऊन काढलं, आणि पुन्हा पैसे देऊन घातलं! याला प्रगती म्हणायचं नाही तर काय?

बीबीसीच्या एलएस३/५एची तर कथाच निराळी. सत्तरच्या दशकात बीबीसीच्या इंजिनिअरांनी बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत बसवायला फूटभर उंचीचा हा स्पीकर घडवला. निवेदकाचा आवाज नीट येतोय ना, एवढं बघायला! आज त्याच्यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, मूळ कपॅसिटरला हात लावाल तर याद राखा. दुसरा म्हणतो, न बदलता ऐकणं हेच पाप. जेवायला दोघांना एका पंगतीला बसवून दाखवा बघू!

आपल्या ओळखीतले ते बँकेतून निवृत्त झालेले काका आठवतात? ‘हे सगळं थोतांड आहे’ असं छातीठोकपणे सांगणारे? आता त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कपॅसिटर मापायचा एलसीआर मीटर असतो. काढलेले कपॅसिटर टाकवत नाहीत, म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेत. डब्यावर पट्टी: ‘डावा, मूळचे’. उजव्याचा डबा वेगळा. परवा त्यांनी फक्त डावा स्पीकर नवा केला आणि पाहुण्यांना विचारलं, कुठला बरा? एकजात सगळ्यांनी उजव्याकडे बोट दाखवलं. काका शांत! म्हणाले, ‘डावा अजून रुळायचाय. शंभर तास वाजू द्या.’ काकूंनी मात्र शंभर तासांच्या नावाने कानाला खडा लावला.

खरी लबाडी कुठे आहे सांगू? पहिला इलाज खरोखर लागू पडतो! सुकलेला कपॅसिटर बदलला की तबल्याची चाट कडक येते, तंबोऱ्याची जवारी मोकळी होते. हे थोतांड असतं तर आपण हसून मोकळे झालो असतो. पण एकदा फरक पडला की माणूस कामातून गेला. मग कॉइल, मग वायर, मग कपॅसिटरची कुठली बाजू ट्वीटरकडे ठेवायची यावर रात्र रात्र खल. गाणं ऐकायला वेळ आहे कुणाला?

आणि तुम्ही हसताय काय? तुमच्या माळ्यावरची जुन्या स्पीकरची ती जोडी खाली उतरली आहे, जाळीवरची धूळ पुसली आहे, ही बातमी सोसायटीभर झालीय. ‘नुसतं बघतोय’ म्हणे! असं नुसतं बघणारेच पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला दिसतात. असो, आपल्याला काय करायचंय? फक्त उघडण्याआधी तारांचा फोटो काढून ठेवा, आणि दोन्ही बाजूंचे कपॅसिटर मापून जोडीने घ्या. दुकानदार मापू देत नसेल, तर मीटर आमच्याकडे आहे.