विषय क्र. ४ : बाहेरचे मूल

प्रति,
मा. सेक्रेटरीसाहेब,
आमची (अजून तरी) सहकारी गृहनिर्माण संस्था,
काळाचौकी, मुंबई ४०० ०३३.



गेल्या रविवारच्या सभेची नोटीस लिफ्टशेजारच्या फळ्यावर अजून तशीच आहे. विषय क्र. ३, टाकीची गळती. विषय क्र. ५, डक्टमधले उंदीर. दोन्हींच्या मधोमध विषय क्र. ४ : ‘सभासदाने बाहेरचे मूल घरात ठेवण्याबाबत.’ गळती आणि उंदीर पाच मिनिटांत उरकले. चौथ्या विषयाला पाऊण तास लागला. बिल्डरने गिळलेल्या पार्किंगलाही या इमारतीने कधी इतका वेळ दिला नव्हता, म्हणून आधी आभार मानते.

सभेने माझ्याकडे मागितलं काय, तर मुलाची पोलीस पडताळणी, भाडेकरूचा फॉर्म आणि बिनभोगवटा शुल्क. हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे खजिनदारांनी स्वतःहून सांगितलं, माणूस सचोटीचा. पण साहेब, सभासद स्वतः राहत नसेल आणि घर दुसऱ्याला दिलं असेल, तर हे शुल्क लागतं. मी तर इथेच राहते, रोज तुमच्याच लिफ्टने वर-खाली करते. आणि माझा हा भाडेकरू नऊ वर्षांचा आहे. भाड्यापोटी तो मला फार तर चार गोट्या देईल. त्यातली दहा टक्के गोटी कशी कापायची, ते उपविधीत बघून कळवावं.

तुमचा तरी काय दोष म्हणा. ‘प्रतिपालकत्व’ हा शब्द मी एका सरकारी कचेरीत पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा टेबलामागच्या माणसाने विचारलं, “पाळणाघर काढायचंय का?” पलीकडच्याने बालसंगोपनाचा फॉर्म पुढे सरकवला. ती योजना चांगली आहे, राज्य सरकार त्यात मुलामागे महिन्याला २,२५० रुपये देतं. पण ते बहुतेक वेळा मुलाच्या स्वतःच्या विधवा आईला नाहीतर आजीला मिळतात. माझं म्हणणं निराळं होतं. ज्याला घरच नाही, किंवा आहे पण सध्या तिथे राहता येत नाही, अशा मुलाला माझ्या घरी ठेवायचं. जन्मभरासाठी नव्हे, लागेल तितके दिवस. तिसऱ्या टेबलाने मला दत्तकाच्या रांगेत उभं केलं. ती रांग तीस हजारांच्या वर गेलेली आहे आणि तिथल्या बहुतेकांना तान्हं बाळ हवंय.

यासाठी कायदा आहे, साहेब. २०१५चा बाल न्याय कायदा, कलम ४४. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हेही त्याच कायद्याचं तत्त्व. आपल्याकडे तो पहिला उपाय आहे आणि बहुतेकदा एकुलता एक. मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली १९२७मध्ये, म्हणजे पोरांना भिंतीआड ठेवायचा आपला अनुभव शतकाला टेकला. घरं शोधायचं काम अजून धड सुरू झालेलं नाही. २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत फक्त नवरा-बायकोचं जोडपं चालत असे. माझ्यासारख्या एकटीला २०२४मध्ये दार उघडलं. म्हणजे केंद्र सरकारला मी चालते. बी विंगला चालत नाही.

सभेतली बाकीची रत्नं भराभर सांगते. “सरकार चार हजार देतं म्हणे, त्यासाठीच चाललंय.” मिशन वात्सल्यमध्ये मुलामागे महिन्याला ४,००० रुपये आहेत, खरं आहे. आपला मेंटेनन्स किती, ते तुम्हाला मी सांगायला नको. “उद्या सोसायटीत चोरी झाली तर?” गेल्या वर्षी टेरेसवरची केबल गेली, तेव्हा इमारतीत एकही परकं मूल नव्हतं. “मग आई बरी झाल्यावर तो परत जाणार? मग तुम्हाला काय मिळणार?” हा प्रश्न विचारणाऱ्या वहिनींच्या हातात तेव्हा गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक होतं.

पण खरा घाव घातला तो तुम्ही. सगळं शांत झाल्यावर तुम्ही म्हणालात, “मॅडम, तान्हं असतं तर गोष्ट वेगळी. एवढं मोठं पोर, कुणाचं रक्त, काय बघून आलंय, रात्री-बेरात्री काय करील... आपली वस्ती सभ्य आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव मांडायची गरजच पडली नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांना शक्यतो दत्तक द्यावं, प्रतिपालकत्वाला त्यांच्याहून मोठी मुलं, असा नियमच आहे. म्हणजे तुम्हाला नको असलेलं ‘एवढं मोठं पोर’च कुणीतरी घ्यावं म्हणून ही सगळी खटपट. माझ्याकडे येणाऱ्याची आई जिवंत आहे, आजारी आहे. याहून जास्त सांगायला आणि त्याचं नाव लिहायला कायदा मना करतो, कलम ७४. आई आहे म्हणून तो दत्तक जाऊ शकत नाही. घर नाही म्हणून संस्थेत आहे. तिथे अठरा वर्षं पूर्ण झाली की दार उघडतं, तेव्हा बाहेर कुणी वाट बघत नसतं.

आता ‘साहेब’ पुरे.

अरे, तू हे बोललास? तू?

ही इमारत उभी आहे त्याच जागेवरची आपली चाळ, दुसरा मजला, संडासाच्या बाजूची खोली आठव. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगे बंद पडले. अडीच लाख माणसं घरी बसली. तुझ्या वडिलांनी आधी भांडी विकली, मग आईला आणि धाकट्यांना घेऊन ते गावी गेले. तुझी शाळा बुडू नये म्हणून तुला ठेवलं खानावळवाल्या काकूकडे. ती ना तुमच्या गावची, ना भावकीतली, ना जातीतली. तिची स्वतःची तीन पोरं, दहा बाय बाराची खोली, आणि जेवणाऱ्या गिरणीवाल्यांकडे द्यायला पैसे नव्हते तरी रोज चूल पेटलेली. तिच्या रेशनकार्डावर तुझं नाव नव्हतं. कुणी गृहभेट घेतली नाही, कुणी ना-हरकत मागितली नाही. दोन वर्षं तू तिथे जेवलास, झोपलास, आणि तिच्या हातचा मारही खाल्लास. आपण सगळे दहा वर्षांचे होतो. तू कुणाचं रक्त, हे चाळीत कुणी विचारलं असतं तर काकूने त्याच्या टाळक्यात पळी घातली असती.

आणि रात्री-बेरात्रीचं म्हणशील, तर ऐक. मला आई पहाटे चारला नळावर रांगेत उभं करायची. काकू आमच्याही आधी आलेली असे आणि गोधडी धूत असे. रोज. थंडीतसुद्धा. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “सांडलं गं काहीतरी.” पुढे कळलं, काय सांडायचं ते. चाळ जागी होण्याआधी ती धुऊन, पिळून, गच्चीवर तिच्या लुगड्याआड वाळत घातलेली असायची. तुला वाटत असेल, कुणाला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. त्रेचाळीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. आजही ना इमारतीचं नाव लिहिलंय, ना तुझं.

तुझा राग येऊन मी तीन रात्री झोपले नाही. चौथ्या रात्री सुचलं, की तू भ्यायलायस ते त्या पोराला नाही. हे पोर लिफ्टमध्ये उभं राहील, बूट उलटसुलट घातलेले असतील, आणि तुला बघून कोपऱ्यात सरकेल; तसा तू काकूच्या दारात पाय पोटाशी घेऊन बसायचास. ते रोज बघणं अवघड आहे. मान्य.

तरी बघ. काकू गेली तेव्हा खांदा द्यायला तूच पुढे होतास, तिच्या तिन्ही पोरांच्या आधी.

गुरुवारी सकाळी अकराला समाजसेविका गृहभेटीला येणार आहे. ती शेजाऱ्यांशीही बोलते, त्याचा अहवाल होतो आणि तो बालकल्याण समितीपुढे जातो. सोसायटीची परवानगी मी मागत नाही. तुमची सही त्या कागदावर कुठेच लागत नाही. पण तिने तुझी बेल वाजवली तर ‘सभ्य वस्ती’ हे दोन शब्द तेवढे काढू नकोस. नाहीच जमलं, तर त्या वेळी घरी नसशील असं बघ.

कळावे,
बी विंग, सातवा मजला

ता. क. विषय क्र. ४च्या इतिवृत्तात ‘बाहेरचे मूल’ असं लिहिलंय, ते खोडा. मुलाला नाव आहे. मी ते इथे लिहू शकत नाही. भेटलास की त्यालाच विचार.