मामा दिसला की गाडी बाजूला

नाशिकच्या कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी नाना सापडतोच. आमच्या पंचवटीतल्या गल्लीत तीन आहेत. एक राजकारण करणारे, एक लग्नं जमवणारे आणि तिसरे झोपणारे. मला या तिसऱ्यांविषयी सांगायचंय.

गल्लीत नव्याने राहायला आलेल्यांना हे नाना पहिले सहा महिने रिकामटेकडे वाटतात. माणूस सकाळी दहाला उगवतो, आंघोळ करून कपाळाला बुक्का लावतो, भाकरी-भाजी जेवतो आणि अकराला जो आडवा होतो तो साडेपाचलाच उठतो. ‘नाना करतात काय?’ असं कोणी विचारलं तर गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल, ‘झोपतात.’ खरं म्हणजे नाना रात्री न झोपण्याचे पैसे घेतात. आमच्या मार्केट यार्डात संध्याकाळी पालेभाज्यांचे लिलाव होतात आणि तो माल रातोरात वाशीला जातो. तो नेणाऱ्या आयशरांपैकी एकीच्या स्टिअरिंगवर गेली बावीस वर्षं नाना आहेत. मुंबईकर सकाळी पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरवत असतो तेव्हा ती आणणारा माणूस पडघ्याच्या पुढे जांभया आवरत परतीच्या वाटेवर असतो.

नाना म्हणतात, ‘गाडीचे मालक तीन. आरसी बुकावर नाव असलेले शेठ, हप्ते घेणारी बँक आणि कोथिंबीर. पहिले दोघं एखाद् दिवस थांबतील. तिसरी थांबत नाही.’ भाज्यांचे स्वभाव ऐकावेत तर नानांकडून. कांदा गरीब. गोणीत घाला, चार दिवस हूं की चूं करणार नाही. टोमॅटो कॅरेटमध्ये पहिल्या बाकावरच्या पोरासारखा हाताची घडी घालून बसतो. मेथी जरा चिडकी. पण कोथिंबीर म्हणजे माहेराहून रुसून निघालेली. तिला निघताना पाणी हवं, वाटेत वारा हवा आणि वेळेत वाशीला उतरवलं नाही तर ती तोंड पाडून बसते. मग व्यापारी एक जुडी उचलतो, एकदाच झटकतो आणि शेकड्याचा भाव पाडतो. शेतकरी शेठला फोन करतो, शेठ नानांना. कोथिंबिरीला कोणी काही बोलत नाही. नानांच्या घरात कोथिंबीर येत नाही, वहिनी पोह्यांवर फक्त खोबरं घालतात.

आता दिवसा झोपणं. हे काम रात्री जागण्यापेक्षा अवघड आहे, कारण रात्री नानांविरुद्ध एकटी झोप असते आणि दिवसा अख्खं नाशिक असतं. आधी घंटागाडी. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, हे ती गाऊन सांगते. ती गेली की भंगारवाला. पूर्वी तो स्वतः ओरडायचा, घसा बसला की थांबायचा तरी. आता त्याचा आवाज भोंग्यात भरून ठेवलाय आणि भोंग्याला घसा नसतो. बारा वाजता तीन घरांचे कुकर. एकला शाळा सुटते. आणि आषाढ संपत आला की गणपतीच्या तयारीला नाशिक ढोल बाहेर पडतो. बाहेरगावच्या वाचकांना नाशिक ढोल ठाऊक असेल तो मिरवणुकीतला. त्याचा सराव ज्यांच्या उशाशी चालतो ते आम्ही.

गंमत म्हणजे यातल्या कशानेही नाना उठत नाहीत. ते उठतात शांततेने. वहिनींनी त्यांच्या उशाशी एक जुना टेबलफॅन ठेवलाय. त्याची जाळी सैल झालीय, तो खडखड वाजतो. दुरुस्त करू द्यायला वहिनी तयार नाहीत. एकदा दुपारी दोनला वीज गेली, मी नेमका ओट्यावर होतो. फॅन थांबला आणि खाटेवर नाना ताडकन उठून बसले. डोळे मिटलेले, उजवा पाय गादीत रुतवलेला, अंगठा पांढरा पडलेला. ‘काय झालं? गाडी का बंद पडली?’ वहिनी आतूनच म्हणाल्या, ‘वीज गेलीय, झोपा.’ उजवा पाय हळूहळू सैल झाला. वीज येईपर्यंत वहिनी पुठ्ठ्याने वारा घालत होत्या आणि तोंडाने बारीक ‘खर्र खर्र’ करत होत्या. संसार संसार म्हणतात तो हाच असावा.

समाजात वावरायची नानांची तऱ्हा वेगळी. नातेवाइकांच्या सगळ्या लग्नांत ते हजर असतात आणि सगळ्या फोटोंत त्यांचे डोळे मिटलेले असतात. भाचीच्या साखरपुड्यात मिटलेले, पुतण्याच्या लग्नात मिटलेले. व्याह्यांचा समज असा की माणूस फार भाविक आहे. रविवारी सकाळी आम्ही मंडळी मिसळ खायला निघतो तेव्हा नानाही येतात, पण आमचा तो नाश्ता असतो आणि त्यांचं रात्रीचं जेवण. मिसळ संपवून ते ‘चला, पडतो आता’ म्हणतात. वेटर नवा असेल तर घड्याळाकडे बघतो.

२०२४ च्या जानेवारीत नाना दोन रात्री घरी होते. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या कलमाविरुद्ध देशभरातल्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघेनात, शहरात पेट्रोलपंपांवर रांगा. आम्हाला पेट्रोलची चिंता, वहिनींना नानांची. रात्री दोन वाजता हा माणूस टक्क जागा. आधी घरातले डबे लावून झाले, मग सायकलला तेलपाणी झालं, मग ते चालत रामकुंडावर गेले. गस्तीवरच्या पोलिसाने हटकलं, ‘या वेळी इथं काय करताय?’ नाना म्हणाले, ‘साहेब, एरवी या वेळेला मी वाशीत असतो.’ पोलिसाला यातून काही कळलं नाही. पण त्याचीही रात्रपाळीच होती, त्यामुळे दोघांनी मिळून चहा घेतला.

मी निवृत्त शिक्षक. नानांना वर्तमानपत्र वाचून दाखवणं हा माझा संध्याकाळचा उद्योग. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेला कायदा एकदा वाचून दाखवला. दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कोथिंबिरीला कोणी वाचून दाखवलाय का?’ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा, ही बातमी वाचली तर म्हणाले, ‘आता उकाड्याने जागा राहतो. उद्या गार वारा सुटला तर मला हलवून उठवायला शेठ येणार का?’

समृद्धी महामार्गाचं त्यांना कौतुक आहे आणि भीतीही. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला, इगतपुरीजवळ आठेक किलोमीटरचा बोगदा. नाना एकदा त्यावरून जाऊन आले. ‘रस्ता कसा? तर आईच्या मांडीसारखा,’ ते म्हणाले. ‘खड्डा नाही, गाय नाही, समोरून कोणी अप्पर मारणारा नाही. अशा रस्त्यावर माणूस जागा राहील कसा? आपला कसारा घाट बरा. तो झोपू देत नाही, सासुरवाडीसारखा.’

एके दिवशी मात्र माझ्या वाचनाने ते दुखावले. संशोधकांनी मोजून ठेवलंय की सलग सतरा तास जागलेला माणूस जवळजवळ तसाच चुका करतो, जसा १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलीग्रॅम दारू असलेला. आपल्याकडे ३० मिलीग्रॅमच्या वर सापडलात की गुन्हा. नाना माळकरी. दरवर्षी पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जाणारे. ते बराच वेळ गळ्यातल्या तुळशीमाळेचा मणी फिरवत बसले. मग म्हणाले, ‘म्हंजी गुरुजी, इतकी वर्षं मी पिऊन चालवतोय? आणि साधी चवसुद्धा कळली नाही?’

त्या अपराधापोटी की काय, गेल्या जुलैत मी त्यांच्याबरोबर वाशीला गेलो. म्हटलं, गप्पा मारून यांना जागं ठेवू. केबिनमध्ये चढलो तर समोर घाटनदेवीचा फोटो, लिंबू-मिरची, आणि हाताशी जागरणाचं सगळं साहित्य. फुटाण्यांची पुडी, कारण चावणारा माणूस लवकर पेंगत नाही. पाच हिरव्या मिरच्या, फुटाण्यांनी भागलं नाही तर. ओला पंचा मानेवर टाकायला. बामची डबी, जी पापणीखाली लावली की माणूस रडतो पण झोपत नाही. मागे कोथिंबीर, तिच्या अंगावरचं पाणी फळीतून ठिबकतंय आणि अख्ख्या गाडीला मसालेभाताचा वास.

पाथर्डी फाटा ओलांडल्यावर मी घसा साफ करून सुरुवात केली. पानिपतच्या आधीची परिस्थिती थोडक्यात सांगितली. विल्होळी मागे पडलं तसे नाना नम्रपणे म्हणाले, ‘गुरुजी, तुम्ही बोलू नका. माझा पोरगा तुमच्या वर्गात होता.’

मग मी गप्प बसून बघत राहिलो. नानांचा फोन डॅशबोर्डवर, स्पीकर चालू, त्याच्यावर आणखी तीन गाड्या. पण बोलत कोणीच नाही. दर दोन-चार मिनिटांनी एकजण खाकरतो, मग दुसरा, मग तिसरा, मग नाना. ‘गाडी चालवताना बोलू नये असा कायदा हाये,’ नाना म्हणाले, ‘म्हणून आम्ही नुसतं खोकतो.’ ज्याचा खोकला आला नाही त्याला बाकीचे तिघं एकदम शिव्या घालतात. पूर्वी हे काम क्लीनर करायचा. शेठने क्लीनर बंद केला, खोकला फुकट आहे.

घोटीच्या पुढे एका टपरीशी नानांनी गाडी थांबवली. कडक चहा प्यायले, एकावर एक दोन कप, आणि लगेच सीटवर आडवे झाले. मी म्हटलं, ‘आत्ता चहा घेतलात आणि झोपताय?’ ते म्हणाले, ‘वीस मिनिटांत उठतो बघा.’ आणि उठलेच, गजर न लावता. मी नंतर वाचलं तेव्हा कळलं की चहातली तरतरी अंगात भिनायला तेवढाच वेळ घेते. म्हणजे माणूस झोपेतून उठतो त्याच वेळी चहाही उठतो. शरीरातल्या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. घोटीच्या टपरीवर नानांचा अजून साधा सत्कारही झालेला नाही.

उठल्यावर नानांनी मला खरी गोष्ट सांगितली. फुटाणे, मिरची, बाम ही सगळी किरकोळ सुट्टी नाणी. झोप मोठी नोट मागायला आली की यातलं काही चालत नाही. पहाटे दोन ते पाच ही तिची वसुलीची वेळ. ती आधी डोळ्यांवर येत नाही, रस्त्यावर येते. प्रत्येक ड्रायव्हरला ती वेगळी दिसते. एकाला म्हशी आडव्या आलेल्या दिसतात, एकाला रेल्वेचं बंद फाटक. एकाला त्याचा शाळेतला हेडमास्तर दिसतो, आणि तो म्हणे गाडी न थांबवता उलट जोरात पळवतो.

‘आणि तुम्हाला?’

‘मामा.’

नानांचे मामा निफाडच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करायचे. वारून अठरा वर्षं झाली. ते रस्त्याच्या कडेला काळी छत्री उघडून उभे असतात, भर उन्हाळ्यातसुद्धा. हात करत नाहीत, बोलत नाहीत, नुसते बघतात. ‘बिबट्या दिसला तर मी ब्रेक मारतो, कारण आपल्या जिल्ह्यात बिबट्या खराच असतो,’ नाना म्हणाले. ‘मामा दिसला तर मात्र समजायचं, गडी झोपला. मग कोथिंबीर गेली खड्ड्यात. मामा दिसला की गाडी बाजूला.’ मी मनात गणित केलं. ताशी साठने चाललेली गाडी चार सेकंदांच्या डुलकीत ६७ मीटर जाते. घाटात एवढ्यात वळण, कठडा आणि खालची झाडं, सगळं येतं. गणित मी मोठ्याने सांगितलं नाही. त्यांचा पोरगा माझ्या वर्गात होता.

इगतपुरीला धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवेच काय ते दिसत होते. घाटनदेवीपाशी नानांनी हॉर्न हलकेच दाबला, हात छातीला लावला आणि घाट उतरायला घेतला. खालचा गिअर, एंजिनचा घुमणारा आवाज, उजवीकडे काळोख. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणाऱ्यांबद्दल ते जे बोलले ते छापता येणार नाही. फोनवर तीन खोकले पाठोपाठ आले, नानांनी चौथा दिला. मी ताठ बसलो होतो. या माणसाला जागं ठेवायची जबाबदारी आपली आहे, हे मी स्वतःला बजावत होतो, निदान मला तसं आठवतंय.

कसारा मागे पडलं, पाऊस वाढला. खर्डीच्या अलीकडे, दिव्यांचा उजेड जिथे संपतो तिथे, रस्त्याच्या कडेला मला तो स्पष्ट दिसला. काळी छत्री, पांढरं धोतर. नुसता उभा.

‘नाना!’ मी त्यांचा दंड धरला. ‘थांबा, थांबा! मामा!’

नानांनी वायपरचा वेग वाढवला, पुढे वाकून नीट बघितलं आणि फुटाणा चावत विचारलं, ‘कुठं?’

‘तो काय, डाव्या बाजूला!’

‘माझा मामा उजव्या बाजूला उभा राहतो, गुरुजी,’ नाना म्हणाले आणि मानेवरचा पंचा काढून माझ्या गुडघ्यांवर टाकला. ‘हा तुमचा असेल. पाय लांब करा नी झोपा.’