अरबी समुद्रास कारणे दाखवा नोटीस

प्रति,
अरबी समुद्र,
मुक्काम कोकण किनारा (नेमकी हद्द तिथीनुसार बदलती)

प्रेषक: किनाऱ्यालगतचे समस्त बंधारे, बंगले व निवास-न्याहारीवाले

विषय: उधाणाच्या लाटा व वादळी नुकसानीबाबत खुलासा मागविणे

अरबी समुद्राचे पाणी कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत आली की उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची. या वेळापत्रकात समुद्राकडून आजवर कसूर झालेली नाही, हे प्रेषकांना नाइलाजाने मान्य आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शाळांतून पाऊणकी गेली आणि ही पूर्वसूचना वाचणारे कमी झाले. त्याचा ठपका समुद्रावर ठेवता येईल काय, याविषयी प्रेषकांत मतभेद आहेत. मुंबईत तर साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर गर्दीही नेमकी त्याच दिवशी होते.

भरतीने फक्त पाण्याची पातळी ठरते. लाट किती उंच होणार, हे वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून आला, या तीन गोष्टींवर अवलंबून असते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याला तिन्ही भरपूर मिळतात. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे उंची दुप्पट झाली की मारा चौपट. चक्रीवादळात हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला की पाणी साधारण एक सेंटिमीटर फुगते, आणि त्याहून कितीतरी अधिक पाणी वारा उथळ किनाऱ्याकडे रेटत आणतो. हा फुगवटा आणि पूर्ण भरती एकाच वेळी आली तर पाणी वाड्यांत शिरते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला, दुपारी किनाऱ्यावर आले. त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती. पाऊणकीच्या हिशेबाने भरती सकाळीच येऊन गेली होती. समुद्राच्या बचावात हा मुद्दा येण्याची शक्यता असल्याने तो येथेच नोंदवून ठेवलेला बरा. नुकसानीचा मोठा वाटा वाऱ्याचा होता: कौले उडाली, विजेचे खांब वाकले, किनाऱ्यावरचे सुरू उन्मळले, नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पंचनामे झाले. बागायतीसाठी शासनाने हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची वाडी मात्र गुंठ्यांत मोजतात. गुंठ्याला पाचशे रुपये आले, आणि गुंठ्यात दहा-बारा पोफळी धरल्या तर झाडामागे चाळीस-पन्नास. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. पुढे मदत झाडागणिक ठरवावी लागली. हेक्टर हे माप कोकणात कोणी आणले, याची चौकशी या नोटिशीच्या कक्षेबाहेर आहे.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर न चढता समांतर वर सरकले आणि १७ तारखेच्या रात्री सौराष्ट्रात शिरले. जाता जाता त्याने गेटवे ऑफ इंडियाजवळची भिंत फोडली. डिसेंबर २०१७ मधल्या ‘ओखी’ने तर मुंबईच्या चौपाट्यांवर टनावारी कचरा आणून टाकला. हा कचरा समुद्राने परत केला की उधळला, याबाबत प्रेषकांनी मौन पाळले आहे. त्यावरची नावे-छापे मुंबईच्याच दुकानांतले होते.

मुख्य तक्रार दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची आहे. पुळणीच्या उतारावर लाटेला धावायला जागा मिळते. ती चढते, दमते, वाळूत मुरते. भिंतीवर ती आदळून मागे फिरते आणि परतताना पायथ्याची रेती ओढून नेते. पुळण खचते, भिंतीपुढचे पाणी खोल होते, आणि खोल पाण्यात लाट आधी फुटत नसल्यामुळे पूर्वीपेक्षा मोठी लाट थेट दगडांवर येते. पाया उघडा पडतो, दगड ढासळतात, नव्या दगडांची निविदा निघते. भिंत संपते तिथे मारा शेजारच्या गावाकडे वळतो आणि ते गाव बंधाऱ्यासाठी अर्ज करते. बंधाऱ्यांच्या या वाढत्या लांबीला समुद्राचे अतिक्रमण म्हणावे, असा प्रेषकांचा आग्रह आहे. पूर्वी हेच काम मर्यादवेल, केवड्याची बने आणि खाडीतली खारफुटी विनावेतन करीत. त्यांची निविदा निघत नसल्याने त्यांच्या कामाचा दर्जा तपासण्याची सोय नव्हती. वेल काढून हिरवळ लावली, केवडा तोडून खोल्यांना समुद्रदर्शन मिळवले. दर्शन अपेक्षेपेक्षा जवळून झाले.

हद्दीविषयी. १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आणला आणि ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरांत नव्या बांधकामाला मनाई केली. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी या २०० चे ५० मीटर झाले. या दुरुस्तीची प्रत समुद्रास पाठवली गेल्याचे कागदोपत्री दिसत नाही, आणि तो अजूनही जुन्याच हद्दीप्रमाणे वागत असल्याचे आढळते. शिवाय भरतीरेषा नकाशावर एकदा आखली की तिथेच राहते. किनारा धुपला की सरकतो. नकाशा प्रमाण मानावा आणि किनाऱ्याने तो पाळावा, अशी प्रेषकांची मागणी आहे.

सबब समुद्राने सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. भिजलेला कागद ग्राह्य धरला जाणार नाही.