वाल सोलता सोलता

"ऐकलंस का गो, तुमच्या बी-विंगमधल्या नव्या सुनेनं म्हणे अख्ख्या आठवड्याचा सैपाक रविवारीच उरकला!"

मावशींनी भिंतीवर वालांची परात ठेवली आणि अर्धा ढीग माझ्या बाजूला सरकवला. इथला दर ठरलेला आहे, बातमी ऐकायची तर हात चालवायचे. वाल आधी भिजवून, मग फडक्यात बांधून मोड आणलेले. आता कोमट पाण्यात टाकले होते. एकेक दाणा चिमटीत धरून टोकाशी दाबला की सालातून डाळिंबी अशी उडते की नेम चुकला तर थेट जास्वंदीत.

आमची इमारत सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडावरची. मावशींचं घर तिच्या मागच्या अंगाला, गावठाणातलं, सिडकोच्या नकाशावर 'द्रोणागिरी नोड' उमटायच्या कितीतरी आधीचं. मधे छातीएवढी भिंत. अलीकडे आम्ही लोकल पकडणारी माणसं. खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत गाडी सुरू झाली 12 जानेवारी 2024 ला, त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं, आणि सगळ्या सोसायटीला वाटलं, आता काय, वेळच वेळ! बसनं धक्के खात जुईनगर गाठण्यातला वेळ वाचला खरा, पण तो गेला कुठे हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय आमची गाडी काही ठाणे-दादरसारखी एकीच्या पाठी एक येत नाही. चुकली की बसा फलाटावर खाडीकडे बघत. त्यामुळे इकडे पोळ्या लाटल्या जातात त्या रेल्वेच्या वेळापत्रकावर.

"सगळा स्वयंपाक नाही हो मावशी," मी म्हटलं, "तयारी करून ठेवली तिनं. वाटणं, चिरलेल्या भाज्या, मळलेली कणीक. डब्यांवर चिठ्ठ्यासुद्धा लावल्यात, सोमवार, मंगळवार..."

"म्हंजे भेंडी रविवारी चिरायची न बेस्तरवारी खायची? तार सुटंल तिला!"

मावशींचा निकाल नेहमी असाच तडकाफडकी असतो, आणि निम्मा बरोबर असतो. चिरलेली भेंडी नाही टिकत. कणीक दोन दिवसांत काळी पडते. कापलेला कांदा स्वतः राहतो, पण फ्रिजमधल्या दुधाला राहू देत नाही. पालेभाजी धुऊन ठेवली तर सडते. तीच नुसती निवडून, कोरडी, कागदात गुंडाळून ठेवली तर चार दिवस ताजी. उलट कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं की काम झालं, लागेल तेव्हा दोन खडे कढईत. आलं-लसणाच्या वाटणात चमचाभर तेल आणि मीठ घातलं की आठवडा निघतो. आणि या सोललेल्या डाळिंब्या! पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, पंधरा दिवसांनी काढून तशाच फोडणीत घाला. हे मी मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग पंधरा दिवस तू भिंतीवर येशील कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गुपचूप वाल सोलत राहिले.

खरं तर रविवारी डबे भरण्याची आयडिया मावशींना नवी नाहीच. त्यांचा रविवार वैशाखात येतो एवढंच. किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्याआधी आगोट भरायची. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्या गच्चीवर वाळवून, खडा मसाला भाजून कांडपाला न्यायचा, की वर्षभराचा मसाला बरणीत. वर हिंगाचा खडा. सुके बोंबील, जवला, वाकट्या करंजाहून येतात आणि डब्यांत जातात. चिंच, आमसुलं, पापड, कांद्याच्या वेण्या. मे महिन्यात या घराकडे बघवत नाही इतकं काम असतं. पण जुलैत धो धो पाऊस, भाजीवाला आलेला नाही, आम्ही वर फोनवर काय मागवायचं म्हणून खल करतोय, आणि खालून जवला भाजल्याचा वास येतो. घमघमाट म्हणायचा की दुसरं काही, त्यावरून सोसायटीत दोन तट आहेत. मी पहिल्या तटात.

त्यांचा जवला मी बघितलाय. आधी कोरडाच तव्यावर परतला, हाताला कुरकुरीत लागेपर्यंत. मग पातेलंभर पाण्यात टाकला. वाळू खाली बसते, जवला वर तरंगतो. तो ओंजळीनं वरच्यावर उचलायचा, पातेलं उपडं करून गाळायचा नाही, नाहीतर वाळू परत पोटात. दोन-तीन पाणी झाली की पिळून बाजूला. तेलात ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, मसाला, जवला, वरून आमसूल किंवा कैरीच्या फोडी. झाकण. तेवढ्यात शेजारच्या चुलीवर काढलेली तांदळाच्या पिठाची उकड मळून झालेली, आणि भाकरी थापायला सुरुवात. त्यांच्याकडचे जेवायला बसले तेव्हा आमच्या मागवलेल्या बिर्याणीचा पोऱ्या अजून दास्तान फाट्यावर होता.

"पण मावशी, मे महिन्यातले ते आठ दिवस कुणी मोजायचे?"

"ते काय काम नाय. सगल्या बाया जमतात, मस्करी चालते. काम एकटीला लागतं."

हे वाक्य टाकून त्यांनी परातीतलं साल पाणी घालून वर काढलं आणि दुसऱ्या बातमीकडे वळल्या. सेक्रेटरींच्या वहिनी. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मावशींना घरबसल्या मोजता येतात. "आज सात दिल्या. डाल शिजवते का दगड?"

इथे मात्र मला बोलायला जागा होती. शिट्टी म्हणजे शिजणं नव्हे, शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडणं. आत वाफ कोंडली की पाणी शंभराऐवजी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते. एकदा दाब धरला की मोठ्या आचेवर कुकरला बोंबलत ठेवण्यानं आतली डाळ काही घाई करत नाही, फक्त गॅस जातो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि मिनिटं मोजायची. डाळ अर्धा तास भिजलेली असेल तर आठ-दहा मिनिटं पुरतात. गॅस बंद केल्यावरही कुकर आत काम करत असतो, त्याला त्याच्या वेळेनं बसू द्यावं आणि आपण वेणीफणी उरकावी. खाली डाळ, मधे भात, वरच्या डब्यात बटाटे. आणि आमसूल, टोमॅटो नंतर फोडणीला. आंबट आधी घातलं की डाळ हट्टाला पेटते. वहिनी टोमॅटो घालूनच कुकर लावतात. म्हणून सात शिट्ट्या.

"सांग ना मग तिला."

"तुम्हीच सांगा. माझं ऐकणार नाहीत, माझा डबा कधीच वेळेवर होत नाही हे त्यांना माहितीये."

कुकर तरी घरात येऊन असे किती दिवस झाले? हॉकिन्स कंपनी मुंबईत सुरू झाली 1959 साली. सुमीत मिक्सर 1963 चा. सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन मिक्सर बिघडला, इथे दुरुस्त होईना, तेव्हा त्यांनी आपल्या वाटणांना पुरेल असा दणकट मोटरीचा मिक्सर स्वतःच काढला. मग 1970 ला कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली, मापं वाटी-चमच्यांची. नव्या मुलीला सासूला विचारत बसायला नको. तीनही गोष्टींनी मराठी स्वयंपाकघरातला प्रचंड वेळ वाचवला. वाचवला म्हणजे काय, तर पाट्यावर एक चटणी व्हायची तिथे मिक्सरमुळे ताटात दोन आल्या. माझं स्पष्ट मत आहे की ताटातला एक पदार्थ कमी केल्याशिवाय कुठल्याही यंत्रानं आजवर एका बाईचा अर्धा तास वाचवलेला नाही. मावशींकडे भाकरी, एक कालवण, कांदा. आमच्याकडे पोळी, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर, आणि वर "लोणचं संपलं का गं?"

"हनुमंताचं बघ ना," मावशी म्हणाल्या. बोलता बोलता त्यांची नजर डोंगराकडे गेली होती. हनुमान द्रोणागिरी घेऊन उडत होता तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, असं उरणकडे सांगतात. करंजाला द्रोणागिरी देवीचं देऊळ आहे. "त्याला संजीवनी वळखता येईना. निवडत बसला का तो? डोंगरच उचलला."

"हो, पण निवडायला सुषेण वैद्य होता ना तिकडे! वेळ याचा वाचला, काम त्याला लागलं."

मावशी खळखळून हसल्या. "पुरुषच तो शेवटी. बाजारातून चार जुड्या आनून ओट्यावर टाकनार न पेपर घेऊन बसनार."

पेपरावरून मला आठवलं. 2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आलं होतं की, बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात आणि पुरुषांची 88.

मावशींच्या हातातला वाल हातातच राहिला. "अठ्ठ्याऐंशी? कोन तो? दाखव मना."

त्यांच्याकडे काका आहेत, ते पाण्याची मोटर चालू करतात. आमच्याकडचा गृहस्थ शनिवारी ऑम्लेट करतो आणि त्यासाठी ओट्यावरची सगळी भांडी लागतात. पण बी-विंगमधला तो मुलगा म्हणे रविवारी बायकोशेजारी उभा राहून लसूण सोलत होता. ही खरी बातमी होती. मावशींनी ती शेवटासाठी राखून ठेवली होती. खिडकी उघडी होती, पनवेलहून आलेल्या त्यांच्या जावेनंही बघितलं. सासूबाईंना अजून कळलेलं नाही.

"चांगलंच आहे की."

"मी कुठं वाईट म्हनले? फक्त सांगते. आनि ऐक, त्यांनी पोल्या बाहेरून लावल्यात. सकालच्या चाळीस."

पोळ्या बाहेरून घेण्याला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. गिरणगावात हजारो कामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचं जेवूनच जगले, आणि 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा त्यांच्या कामाला बँकेच्या दारात पत मिळाली. पोळीवाल्या ताईंचा पहाटेचा वेळ आपण विकत घेतो. तो वेळेवर आणि पुरेशा पैशांत घ्यावा, इतकंच. रोज दोन पोळ्यांसाठी घासाघीस करणारी माणसं याच सोसायटीत आहेत. कोण ते सांगत नाही, सात शिट्ट्यांवरून ओळखा.

परातीतले वाल संपत आले होते. मावशींनी डाळिंब्यांचे दोन वाटे केले, माझा जरा मोठा.

"आज रात्रीच कर. गूळ, आमसूल घाल. फ्रीझरला लावलास तर मना कळंल."

"कसं कळेल?"

"वास नाय येनार ना." आणि परात कमरेवर घेऊन वळता वळता त्या थांबल्या. "पोलीवाली पहिल्या तारखेपासून भाव वाढवनार हाय. तू आजच तिच्याशी बोलून ठेव. आनि मी सांगितलं म्हनून बी-विंगला बोलू नको."

मी वर पोचायच्या आत बी-विंगच्या खिडकीतून हाक आली, "काकू, खरंच का हो, पोळ्यांचा भाव वाढतोय?"