इथं पूर्वी समुद्र होता

मुंबई दाखवणारा एक मामा प्रत्येक घराण्यात असतो. आमचे मामा जन्माने गिरगावकर, वस्तीने डोंबिवलीकर. अकोल्याहून भाची, जावई आणि नातू येणार असं कळलं की त्यांची खांद्याची झोळी खुंटीवरून उतरते. जावयांनी मोबाइलवर नकाशा उघडलाच, तर मामा तो मिटायला लावतात. "त्याला काय विचारता, जावईबापू? त्याला फक्त आत्ताचं माहीत असतं!"

फास्ट लोकलने आम्ही व्हीटीला उतरलो. या स्टेशनचं नाव १९९६ साली एकदा बदललं आणि २०१७ साली पुन्हा एकदा. मामांना दोन्ही वेळा कुणी विचारलं नव्हतं. बाहेर येताच त्यांनी रिकाम्या डांबरावर बोट रोखलं.

"इथून ट्राम सुटायची. थेट दादर. ३१ मार्च १९६४ ला शेवटची गेली. काय गर्दी होती म्हणून सांगू!"

मामांचा जन्म १९६१ चा. जावयांनी मनात वजाबाकी केली, पण जावई असल्यामुळे उत्तर सांगितलं नाही.

"गेटवे बघायचं ना?" भाचीनं विचारलं.

"ते काय, १९२४ सालापासून आहे तसंच आहे. कधीही बघता येईल."

मग काळा घोडा. नातू फोटोसाठी घोड्यासमोर ऐटीत उभा राहिला. "हा नव्हे रे! हा २०१७ चा. खऱ्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता. १९६५ साली दोघांनाही इथून हलवलं. आता राणीच्या बागेत आहेत."

"मग तिकडे जाऊ या, मामाआजोबा!"

"तिकडे कशाला? तिथं तो आहेच की!"

जेवायची वेळ झाली. मामा आम्हाला जहांगीर आर्ट गॅलरीतल्या समोवारपाशी घेऊन गेले. ते २०१५ सालीच बंद झालं, हे त्यांना अर्थातच ठाऊक होतं. "इथले पराठे खायला हवे होते तुम्ही," असं म्हणून त्यांनी आम्हाला तिथून उठवलं. म्हणजे बसलो असतो तर उठवलं असतं.

हुतात्मा चौकातून गिरगावपर्यंत भुयारी मेट्रो. या प्रवासात मामा अगदी गप्प होते. जमिनीखाली पूर्वी काहीच नव्हतं, त्याला ते तरी काय करणार?

वर आल्यावर मात्र त्यांचा घसा मोकळा झाला. खोताच्या वाडीत 'अनंताश्रम'च्या बंद दारासमोर त्यांनी आम्हाला उभ्यानंच सुरमई वाढली, वर वाटीभर सोलकढी ओतली. नातवानं हळूच विचारलं, "मामाआजोबा, उघडं काय आहे?" शेवटी कोपऱ्यावरच्या गाडीवरचा वडापाव निघाला. तोही मामांच्या मते पूर्वी मोठा होता.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. सूर्य बुडत होता, अकोल्याची मंडळी कठड्यावर बसून डोळे भरून पाण्याकडे बघत होती. मामा मात्र समुद्राकडे पाठ करून उभे. गाड्यांनी तुंबलेल्या रस्त्याकडे आणि पलीकडच्या इमारतींकडे हात करून ते म्हणाले, "इथं पूर्वी समुद्र होता."

आणि यावेळी सगळे वळून बघू लागले. सगळी भरावाचीच जमीन ती. मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

तेव्हा मुंबई बघायची तर अशाच एखाद्या मामांबरोबर बघा. एका तिकिटात दोन शहरं बघून होतात. फक्त घरून जेवून निघा.